रामलिंगचा झरा

मुरुड हें नांव कानीं पडतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें जंजिऱ्याशेजारचें, माडांचें आणि समुद्राचें मुरुड उभें राहतें. महाराष्ट्रांत आणखी एक मुरुड आहे. त्याच्या नशिबीं समुद्र तर नाहींच, मोठी नदीहि नाहीं. हें मुरुड लातूर जिल्ह्यांत, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर वसलेलें आहे. सह्याद्रि ओलांडतांना मेघ आपलें बरेचसें ओझें तिकडेच उतरवून येतात. उरलेलें या प्रदेशाच्या वांट्याला येतें. वर्षाचा सरासरी पाऊस सुमारें ७०० ते ८०० मिलिमीटर, आणि तोहि बहुतेक सारा चार महिन्यांत. भूगोलाच्या पुस्तकांत या भागाला वाळवंट म्हणत नाहींत, आणि तें योग्यच आहे. येथें ज्वारी पिकते, तूर पिकते, हरभरा पिकतो. परंतु ज्या वर्षीं मृग कोरडा जातो आणि उत्तरा-हस्तहि पाठ फिरवितात, त्या वर्षींच्या वैशाखांत येथील माळ आणि वाळवंट यांतील भेद फार थोडा उरतो.

अशा प्रदेशांत डोंगराच्या पोटांतून पाणी येणारी एखादी जागा असली, म्हणजे तिच्यापाशीं देव येऊन बसतो, तिच्याकडे वाट पडते, यात्रा भरते आणि कथा जन्म घेते. मुरुडच्या टापूंतील अशी जागा म्हणजे येडशीचें रामलिंग. मुरुडहून आगगाडीनें पश्चिमेकडे निघालें म्हणजे ढोकी, कळंब रोड आणि मग येडशी अशीं स्थानकें लागतात. येडशी हें गांव धाराशिव जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडतें. त्याच्या पुढें पठाराची कड तुटते आणि घाट सुरू होतो. त्या घाटाच्या एका घळींत रामलिंगाचें देऊळ आहे. येडशीपासून तेथवरची वाट थोडकी आहे, आणि तिला वाटाड्या लागत नाहीं. श्रावणांतल्या सोमवारीं लोटणाऱ्या भाविकांच्या पायांनीं ती कधींच मळून गेलेली आहे. मात्र जो पाहत पाहत चालेल त्याला ही थोडकी वाट दोन हजार वर्षांची हकीकत सांगेल. त्या साऱ्या हकीकतीच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे: पाणी थोडें असतां तें प्रथम कोणाचें?

पहिला धडा पायांखालींच मिळतो. येडशीच्या माळावर मातीचा थर पातळ आहे. जरा उकरलें कीं मुरूम लागतो आणि मुरमाखालीं खडक. हा खडक अग्नीपासून जन्मलेला आहे. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त शिलारसाचे लोट बाहेर पडले, पसरले आणि थिजले. एक लोट थिजला कीं कांहीं काळानें त्यावर दुसरा येई. घाटांतील तुटलेल्या कड्याकडे पाहिलें असतां हे थर भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले दिसतात. त्यांत कांहीं थर काळेभोर आणि घट्ट असतात. त्यांतून पाणी सहसा पाझरत नाहीं. कांहीं थर सच्छिद्र असतात, त्यांच्या पोकळ्यांत पांढरीं खनिजें भरलेलीं असतात. विहिरी खोदणारे लोक त्यांना मांजऱ्या म्हणतात. कोठें कोठें दोन थरांच्या मध्यें तांबड्या मातीचा पट्टाहि आढळतो.

झऱ्याचें सारें रहस्य या चवडींत आहे. माळावर पडलेला पाऊस मुरमांत शिरतो, सच्छिद्र थरांतून हळूहळू खालीं उतरतो आणि घट्ट थर लागला कीं थबकतो. खालीं वाट नाहीं म्हणून तो आडवा चालूं लागतो. पुढें जेथें ओढ्यानें डोंगर कापून तो थर उघडा पाडलेला असेल, तेथें तें पाणी पुन्हां प्रकाशांत येतें. अशा रीतीनें श्रावणांत पडलेल्या पावसाचा कांहीं अंश ओढे-नाले आटल्यावरहि डोंगराच्या पदरीं शिल्लक राहतो. झरा म्हणजे डोंगरानें गांठीला बांधून ठेवलेला पाऊस होय. आणि गांठीला बांधलेलें द्रव्य केव्हां तरी संपणारेंच असतें, ही गोष्टहि त्याच वेळीं ध्यानांत ठेवावयास हवी.

दुसरा धडा कडेवर उभें राहिल्यावर मिळतो. येडशीजवळची ही कड म्हणजे पाण्याची वांटणी करणारा बांध आहे. पठारावर पूर्वेकडे पडलेला थेंब तेरणा नदीकडे जातो. तेरणेंतून मांजरेंत आणि मांजरेंतून गोदावरींत मिळतो. कडेच्या पश्चिमेस पडलेला थेंब बार्शीच्या मैदानाकडे उतरतो. सीनेंतून भीमेंत आणि भीमेंतून कृष्णेंत जातो. दोन्ही थेंब शेवटीं पूर्वसमुद्रासच मिळतात, परंतु वेगवेगळ्या नद्यांच्या मुखांतून. एका सरींतील दोन थेंबांचा हा वियोग लक्षांत असूं द्यावा; पुढें एका आगगाडीच्या हकीकतींत त्याची आठवण होणार आहे.

कडेवरून वाट घळींत उतरूं लागली कीं माळाचा उजाडपणा मागें पडतो. कोरड्या पानझडी रानांतील पळस, खैर, धावडा दिसूं लागतात. वानरांच्या टोळ्या ओळखदेख नसतांनाहि जवळ येतात, आणि एखाद्या वेळीं मोराची हांक ऐकूं येते. पायऱ्या उतरून गेलें म्हणजे घळीच्या तळाशीं दगडी देऊळ लागतें, आंत शिवलिंग आहे. देवळाच्या जवळच कड्यावरून धार कोसळते. पावसाळ्यांत तिचा घोष लांबवर ऐकूं येतो. पावसाळा सरला कीं तो गाजावाजा ओसरत जातो. धारेच्या जवळ एक समाधि दाखवितात. ती कोणा राजाची किंवा साधूची नसून एका पक्ष्याची आहे.

येथील कथा अशी. सीतेला घेऊन रावण आकाशमार्गें निघाला असतां जटायूनें त्याला याच रानांत अडविलें. रावणानें त्याचे पंख छाटले. राम-लक्ष्मण सीतेचा शोध करीत येथवर आले, तेव्हां हा वृद्ध पक्षी प्राण कंठाशीं आणून पडला होता. त्याची तहान भागविण्यासाठीं रामानें खडकांत बाण मारला आणि पाणी काढलें. तीच ही धार.

वाल्मीकींच्या रामायणांत जटायूचा अंत वेगळा वर्णिलेला आहे. तेथें राम जटायूला अग्नि देतो आणि नंतर गोदावरीवर जाऊन त्याला जलांजलि अर्पण करतो. म्हणजे पाणी येतें तें मृत्यूनंतर. लोककथेनें हा क्रम बदलला आणि पाणी मृत्यूच्या अगोदर आणलें. हा बदल एकट्या येडशीच्या लोकांनीं केला असें नाहीं. नाशिक जिल्ह्यांत इगतपुरीजवळ टाकेद येथें सर्वतीर्थ आहे. तेथेंहि रामानें मरणोन्मुख जटायूसाठीं बाणानें पाणी आणल्याची कथा सांगतात. आंध्रांतील लेपाक्षी आणि केरळांतील चडयमंगलम् हीं गांवेंहि जटायूच्या पतनाचा मान आपल्याकडे घेतात. जटायु नेमका कोठें पडला हा इतिहासाचा प्रश्न होऊं शकत नाहीं. जेथें पाण्याची किंमत प्राणाइतकी होती तेथील माणसांनीं रामकथेंतून कोणता प्रसंग उचलला, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे. त्यांनीं युद्धाचा किंवा राज्याभिषेकाचा प्रसंग घेतला नाहीं. तहानलेल्याच्या मुखीं पाणी घालण्याचा घेतला.

याच मराठवाड्याच्या मातींत तशीच आणखी एक कथा रुजलेली आहे. पैठणच्या एकनाथांनीं काशीहून रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड वाटेंत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा घरोघरीं मुलांना सांगितली जाते. एकीकडे पक्षी, दुसरीकडे गाढव. देवकार्य आणि तहान यांचा प्रसंग पडला तर आधीं तहान, असा या दोन्ही कथांचा निवाडा आहे. त्यामुळें रामलिंगची कथा ही नुसती स्थळमाहात्म्याची कथा राहत नाहीं. ती या कोरड्या मुलुखाची जलनीति आहे. पुढें या वाटेवरून जें जें गेलें, त्याची पारख याच कसोटीवर करावयाची आहे.

या वाटेवरून प्रथम गेले ते व्यापारी. येडशीच्या पूर्वेस तेरणेच्या कांठीं तेर हें गांव आहे. संत गोरा कुंभारांचें गांव म्हणून मराठी माणसाला तें ठाऊक असतें. पण त्याच्याहि बारा-तेरा शतकें अगोदर तें तगर या नांवानें दूरदेशीं प्रसिद्ध होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी दर्यावर्द्यानें लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकांत पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचें सांगितलें आहे, आणि तेथील कापड गाड्यांतून बिकट वाटांनीं भडोचच्या बंदरास जात असल्याची नोंद आहे. तें तगर म्हणजेच हें तेर, हें फ्लीट या पंडितानें १९०१ सालीं दाखवून दिलें. शिलाहार राजे पुढें कोंकण-कोल्हापुरांत राज्य करीत असतांहि आपल्याला तगरपुरचे अधीश्वर म्हणवून घेत. तेर येथें सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें इटालींतील पाँपेई येथें मिळालेल्या मूर्तीशीं साम्य आहे. अशा मालाच्या गाड्या बैल ओढीत. बैलाला रोज पाणी लागतें, आणि कोरड्या पठारावर तें जेथें मिळेल तेथेंच तांडा उतरणार. तेव्हां राजांनीं रस्ते आंखण्यापूर्वीं पाणवठ्यांनीं ते आंखलेले असावेत, असें मानण्यास हरकत नाहीं.

व्यापाऱ्यांच्या मागून कितीएक शतकांनीं येथें सरहद्द आली. ज्या घाटानें पाण्याची वांटणी केली होती, त्याच घाटाजवळ माणसांचीहि वांटणी झाली. येडशी, ढोकी, मुरुड, लातूर हीं गांवें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत. घाटाखालची बार्शी मुंबई इलाख्याच्या सोलापूर जिल्ह्यांत. एकीकडे हाली सिक्का, दुसरीकडे कलदार. मधें करोडगिरीचें, म्हणजे जकातीचें नाकें. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजीं स्वतंत्र झाला, पण या घाटाच्या पूर्वेस स्वातंत्र्य पोंचलें नव्हतें. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, आणि त्याचीं शिबिरें बार्शी तालुक्यासारख्या सरहद्दीलगतच्या भागांत होतीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. सरहद्द पुसली गेली. पाण्याची वांटणी मात्र जशीच्या तशी राहिली.

सरहद्द जागी होती तेव्हांच तिला ओलांडणारी एक वस्तु या घाटांत येऊन दाखल झाली होती. ती म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरानें बांधलेली ही अडीच फुटी रुळांची चिमुकली आगगाडी १८९७ सालीं, म्हणजे दुष्काळाच्या वर्षीं, कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. १९११ मध्यें ती घाट चढून मुरुडवरून लातूरला पोंचली, आणि १९२७ मध्यें दुसऱ्या बाजूनें मिरजेला जाऊन भिडली. तिनें लातूर-बार्शीचा माल वाहिला आणि पंढरीचे वारकरी वाहिले. १९५४ सालीं ती सरकारनें विकत घेतली. २००७-०८ मध्यें कुर्डुवाडी-लातूर मार्गावर तिच्या जागीं रुंद रूळ आले, तेव्हां नवा मार्ग वळण घेऊन धाराशिव शहरावरून नेण्यांत आला.

याच मार्गावर येडशी आणि ढोकी यांच्या दरम्यान कसबे तडवळे हें गांव आहे. तेथें १९४१ च्या फेब्रुवारींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितींत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. गांवाचीं हलकीं म्हणून ठरविलेलीं कामें ज्यांच्या माथीं पिढ्यान् पिढ्या मारलेलीं होतीं, त्यांचा प्रश्न तेथें मांडला गेला. त्याच्या चौदा वर्षें आधीं, २० मार्च १९२७ रोजीं, बाबासाहेबांनीं महाड येथें चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें होतें. रामानें पक्ष्याला आणि नाथांनीं गाढवाला पाणी दिल्याच्या कथा जो समाज भक्तीनें ऐकत होता, तोच समाज आपल्या पाणवठ्यावर माणसाला येऊं देत नव्हता. घळींतील धारेची शिकवण गांवच्या विहिरीपर्यंत पोंचली नव्हती, हें येथें मान्य केलें पाहिजे.

त्यानंतरची परीक्षा निसर्गानें घेतली. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या स्मरणांत अजून ताजा आहे. खडी फोडणारे हात आणि पाझर तलावांचीं कामें हें त्या वर्षाचें चित्र. त्यांतूनच रोजगार हमी योजना वाढीस लागली आणि १९७७ सालीं तिला कायद्याचें रूप मिळालें. पाझर तलाव म्हणजे डोंगराच्या झऱ्याचीच नक्कल होय: पावसाचें पाणी अडवावयाचें, जमिनींत मुरवावयाचें आणि खालच्या विहिरींना सावकाश द्यावयाचें. परंतु त्याच सुमारास विंधन विहिरीहि आल्या. साध्या विहिरीचा तळ डोळ्यांना दिसतो, त्यामुळें पाणी किती उरलें हें उपसणाऱ्याला कळतें. विंधन विहिरीचा तळ कोणाला दिसत नाहीं. गांठीला बांधलेलें द्रव्य न मोजतां खर्च होऊं लागलें, आणि लातूरच्या परिसरांत विंधनें कांहीं ठिकाणीं हजार फुटांच्या पलीकडे गेलीं.

२०१५ सालीं पावसानें पुन्हां दगा दिला. लातूर शहराला पाणी पुरविणारें मांजरा धरण कोरडें पडलें. मार्च २०१६ मध्यें शहरांत पाणी भरण्याच्या जागांपाशीं जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. पाणवठ्यापाशीं पांचांहून अधिक माणसांनीं एकत्र जमूं नये, असें सांगण्याची पाळी सरकारवर आली. एप्रिलमध्यें राजस्थानांतील कोटा येथें वाफेनें धुऊन स्वच्छ केलेल्या टाक्यांची आगगाडी मिरजेला आणली गेली. कृष्णेचें पाणी तिच्यांत भरलें, आणि १२ एप्रिल २०१६ रोजीं पहांटे दहा टाक्यांची, सुमारें ५ लाख लिटर पाण्याची ती पहिली गाडी ३४२ किलोमीटर चालून लातूरला पोंचली. पुढें पन्नास टाक्यांच्या, २५ लाख लिटरांच्या गाड्या येऊं लागल्या, आणि हा क्रम त्या वर्षींच्या पावसाळ्यापर्यंत चालला.

ही गाडी आली ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरुड अशा जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेनें. बालाघाटाच्या कडेनें लक्षावधि वर्षें कृष्णेचें पाणी आणि गोदेचें पाणी वेगळें ठेवलें होतें. त्या कडेवरून कृष्णेचें पाणी इंजिनानें ओढून मांजरेच्या खोऱ्यांत उतरविलें. मिरजेच्या नदींतून लातूरच्या घागरींत पाणी पडलें, तेव्हां तें कोणत्या खोऱ्याचें, कोणत्या जिल्ह्याचें हा प्रश्न मागें राहिला. तहान आधीं, हा जुना निवाडा त्या दिवसांत पाळला गेला. मात्र त्याच्या अगोदरच्या कित्येक वर्षांत जो हिशेब ठेवावयास हवा होता तो कोणी ठेवला नव्हता, ही गोष्ट त्या गाडीच्या प्रत्येक फेरीनें सांगितली. बाहेरून आणलेलें पाणी संकट निभावतें. गांवाचें पाणी तें होऊं शकत नाहीं.

रामलिंगच्या भोंवतालचें रान १९९७ सालीं अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आलें. त्याचें क्षेत्र सुमारें २२ चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर हा ठिपका लहानच. पण झऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तोच महत्त्वाचा. झाडांच्या मुळांनीं धरलेल्या मातींतून पाऊस सावकाश मुरतो. उघड्या माळावरून तो माती घेऊन पळून जातो. म्हणजे घळींतील धारेचें भवितव्य घळींत ठरत नाहीं, वरच्या माळावर ठरतें. देवळापाशीं कितीहि फरशा बसविल्या आणि कठडे बांधले तरी वरचें रान गेलें तर धार राहणार नाहीं. आणि देवळापाशीं कांहींच केलें नाहीं, पण वरचें रान जपलें, तर ती राहण्याचा संभव अधिक.

ज्याला ही वाट चालावयाची असेल त्यानें आश्विन-कार्तिकांत, सकाळच्या उन्हांत निघावें. पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि धारेला पाणी असतें. सोबत वाटाड्या नको. पाण्याचें भांडें मात्र असावें, कारण झऱ्याकडे जाणाऱ्यालाहि वाटेंत तहान लागते. खडकाचे थर मोजीत उतरावें, धारेपाशीं थोडें थांबावें, पक्ष्याची समाधि पाहावी. परततांना उन्हांतला चढ असतो. वाटेंत कोणी तहानलेला भेटला तर आपल्या भांड्यांतील पाणी त्याला द्यावें. या वाटेची परंपरा तीच आहे, आणि रामलिंगच्या दर्शनाचें फळहि त्याहून निराळें नाहीं.